बाबू गेनू: हुतात्म्याच्या आधीचा कामगार



परभणीत बसून मुंबईच्या एका गिरणी कामगाराबद्दल कशासाठी बोलायचं, असं तुमच्यापैकी कुणाला वाटलं असेल तर ते रास्तच आहे. म्हणून सुरुवात आपल्याकडूनच करू. जिंतूर, गंगाखेड, सेलू, पाथरी या भागातली कितीतरी मुलं आज चाकणला कारखान्यात कामाला आहेत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघायचं, सकाळी पुण्याला उतरायचं, पुढं चाकण. तिथं औद्योगिक वसाहतीत महाळुंगे नावाचं गाव आहे. तुमच्यातल्या काहींच्या घरी या गावाचं नाव रोज फोनवर ऐकू येत असेल.

चाकणवरून नाशिकच्या दिशेनं पुढं गेलं की आंबेगाव तालुका लागतो. तिथंही एक महाळुंगे आहे, महाळुंगे पडवळ. आज चाकणचं महाळुंगे बाहेरून मजूर बोलावतं. शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या महाळुंग्यातून माणसं पोटासाठी बाहेर पडत होती. त्यांतला एक मुलगा मुंबईला गिरणीत लागला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर, विदेशी कापडाच्या ट्रकखाली मेला. त्याचं नाव बाबू गेनू सैद.

नाव सगळ्यांना माहीत आहे. चौथीच्या, पाचवीच्या पुस्तकापासून ऐकलेलं आहे. विदेशी कापड, ट्रक, पुढं झालेला तरुण, वंदन. इतक्यात धडा संपतो. आम्ही इतिहासाचं काम करणारेही बहुतेक वेळा इथंच थांबतो. त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलंय त्यात शेवटच्या एका दिवसाला पानभर जागा आहे आणि त्याआधीच्या बावीस वर्षांना दोन ओळी. आज आपण हे उलटं करायचा प्रयत्न करू. त्या दोन ओळींत काय काय मावलेलं होतं ते पाहू, आणि मग त्या शेवटच्या दिवसाकडे येऊ.

एक गोष्ट आधीच सांगतो. पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर आपण 'ते बाबू गेनू' म्हणतो. आज आपण 'तो' म्हणणार आहोत. त्यात अनादर नाही. बावीस वर्षांचा पोरगा होता तो. आपल्या घरातल्या बावीस वर्षांच्या पोराला आपण जसं म्हणतो, तसंच.

नावापासूनच बघा. 'गेनू' म्हणजे ज्ञानोबाचं घरगुती रूप. ज्ञानोबाचा गेनू, तुकारामाचा तुका, हे आपल्याकडे घरोघर चालतं. 'बाबू' हेही घरात हाक मारायचं नाव. म्हणजे देशाच्या इतिहासात या माणसाची नोंद ज्या नावानं झाली ते अंगणातलं नाव आहे. जन्म 1908 चा, गरीब शेतकरी घरातला. आंबेगावचा हा भाग तेव्हा पावसावरच्या शेतीचा. घरात खाणारी तोंडं जास्त आणि जमीन थोडी, मग एकानं मुंबईची वाट धरायची. कोकणातून, साताऱ्याकडून, पुण्याच्या घाटाखालच्या आणि घाटावरच्या गावांमधून हीच रीत होती. गावाकडची शेती आणि मुंबईची मनिऑर्डर मिळून एक संसार चालायचा.

मुंबईत काय होतं? परळ, लालबाग, वरळी, शिवडी, भायखळा. यालाच पुढं गिरणगाव म्हणू लागले. पहाटे भोंगा व्हायचा. गिरणीत लागायचं तर जॉबर ओळखीचा लागे. जॉबर म्हणजे मुकादमच, पण आजच्या ठेकेदारासारखी ताकद असलेला. कामावर घ्यायचं त्याच्या हातात, काढायचं त्याच्या हातात. नव्या पोराला कायम काम मिळत नसे, तो 'बदली' म्हणून लागायचा. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कुणाचा खाडा झाला असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. खोली म्हणजे चाळीतला एक गाळा, त्यात एकाच गावाकडची दहा-पंधरा माणसं. वळकटी भिंतीला आणि ट्रंक वळकटीखाली. जेवण खाणावळीत. त्या खाणावळी बायका चालवायच्या, बऱ्याच जणी गिरणी कामगारांच्याच घरच्या.

कामाचे तास बारा होते. 1920 च्या मोठ्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत ते दहावर आले. 1922 च्या कायद्यानं आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. दहा तास कापसाच्या धुळीत आणि साच्यांच्या आवाजात. विणाई खात्यातला माणूस खोलीवर आल्यावरही मोठ्यानं बोलायचा, कारण कान तसेच झालेले असायचे.

आणि या एका छपराखालीही सगळे कामगार सारखे नव्हते. विणाई खात्यात पगार चांगला, पण दलित कामगारांना तिथं घेत नसत. सूत तुटलं की जोडताना ते तोंडाला लावावं लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे उभा केला. कामगारांची एकजूट म्हणताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

आता यात परभणी कुठं आली? कापसाच्या गाठीतून आली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथला गावरानी कापूस चांगला म्हणून नावाजलेला. मानवत, सेलू, परभणी इथं सरकी काढून गाठी बांधायच्या. 1900 च्या आसपास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि कापसाला मुंबईची सरळ वाट मिळाली. सरळ म्हणजे तशी सरळ नाही. आपली लाईन मीटरगेजची, मनमाडपुढची मोठ्या रुळाची. म्हणजे मनमाडला गाठी उतरवायच्या आणि दुसऱ्या डब्यात चढवायच्या. तुमच्यातल्या वयस्क मंडळींनी मनमाडला गाडी बदललेली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईचा कापूसबाजार मराठवाडा, वऱ्हाड, खानदेश अशा मुलखांवर उभा होता. कापूस आपला, हात घाटावरच्यांचे आणि कोकणातल्यांचे, गिरणी शेठजींची. आणि राज्य इंग्रजांचं, जे मँचेस्टरचं कापड इथं विकत होतं. बाबू गेनूच्या मृत्यूची गोष्ट या सगळ्या साखळीची आहे. म्हणून ती परभणीचीही आहे.

आता तारखा जरा ओळीनं लावू.

1908 साली बाबू गेनूचा जन्म. त्याच वर्षी 22 जुलैला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. ती माणसं आज कुणाला नावानं आठवतात? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

1925 साली मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. मोठा संप झाला. सरकारनं देशी कापडावरचा अबकारी कर उठवला तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. 1928 साली त्याहून मोठा संप. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. कारण काय, तर कमी माणसांत जास्त साचे चालवायची नवी पद्धत. या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणी कामगार होते. मार्च 1929 मध्ये सरकारनं देशभरातल्या कामगार पुढाऱ्यांना धरलं, तोच मीरत कट खटला. आळवे त्यात होते, कॉम्रेड डांगे होते, मिरजकर, जोगळेकर, निंबकर होते. त्याच वर्षी पुन्हा संप झाला आणि तो फसला. हजारो कामगारांचं काम गेलं, युनियनची ताकद ओसरली.

बाबू गेनू विशीत आला तो या काळात. म्हणजे ज्या वयात माणूस कुणाच्या तरी मागं जायला, कशात तरी उतरायला तयार असतो, त्या वयात त्यानं गिरणगावात सहा महिन्यांचा संप पाहिला, आणि पुढच्याच वर्षी त्याच गिरणगावाचा पराभवही पाहिला.

मग आलं 1930. मार्च-एप्रिलमध्ये दांडी, मग जागोजाग मीठ. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांच्या झुंडी गेल्या. बाबू गेनू काँग्रेसचा स्वयंसेवक झाला. वडाळ्याच्या सत्याग्रहात तो होता आणि तुरुंगातही जाऊन आला, असं त्याच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. पावसाळ्यानंतर भर आला तो विदेशी कापडाच्या बहिष्कारावर.

इथं एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो आपण टाळू नये. विदेशी कापडावर बहिष्कार टाकल्यानं फायदा कुणाचा होणार होता? उघड आहे, देशी गिरणीमालकांचा. ज्यांनी 1925 साली पगार कापायला घेतला, 1928 आणि 29 साली कामगार घरी बसवले, त्यांचाच. लाल बावट्यातले अनेक जण तेव्हा हेच म्हणत होते की काँग्रेसची चळवळ मालकांची आहे, कामगारानं तिच्यामागं जाऊ नये. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. काँग्रेसच्या अटी न पाळणाऱ्या काही गिरण्यांवरही बहिष्कार पडला, तेव्हा तिथल्या कामगारांच्याच पोटावर पाय आला.

मग एका गिरणी कामगारानं या चळवळीसाठी जीव का द्यावा? त्याला कळत नव्हतं का? कुणी त्याला भरीस घातलं का? शाळेच्या धड्यात हा प्रश्न येतच नाही, कारण तिथं तो गिरणी कामगार नसतोच, फक्त देशभक्त असतो. आणि काही डाव्या लिखाणात तो येत नाही, कारण तो आपल्या बाजूनं मेला नाही.

आमचं वाचन असं आहे. सभेतल्या माणसाला विदेशी कापड ही परकीय सत्तेची खूण होती. होळीत टाकायची वस्तू होती. गिरणी कामगाराला कापड म्हणजे खूण नव्हे, त्याचा रोज होता. जागतिक मंदी सुरू झाली होती. गोदामात माल पडून राहिला की आधी बदलीवाला गेटवरून परत जातो. हे समजायला त्याला पुस्तक लागत नव्हतं. त्याच मंदीत इकडं आपल्याकडं कापसाचे भाव कोसळले आणि शेतकरी सावकाराच्या दारात गेला. दुसरी गोष्ट अशी की गिरणीच्या गेटवरचा रस्ता 1929 नंतर बंद झाल्यासारखा होता. पुढारी मीरतच्या तुरुंगात, युनियन खिळखिळी. सामान्य माणसाला उभं राहायला जो रस्ता उघडा होता तो काँग्रेसच्या मोर्च्याचा. म्हणून तो तिथं दिसतो. मालकाचा नफा वाढावा म्हणून काही तो गेला नव्हता. एकाच माणसात कामगार आणि स्वयंसेवक दोन्ही असू शकतात, आणि दोघांचे हिशेब जुळतातच असं नाही. आपल्या आजूबाजूच्या माणसांतही असंच असतं.

बहिष्काराचा परिणाम केवढा झाला ते एका आकड्यावरून बघा. 1929-30 साली ब्रिटिश सुती कापडाची आयात सुमारे 124.8 कोटी वार होती. पुढच्या वर्षी ती 52.3 कोटी वारांवर आली. यात मंदीचा वाटा आहे, पण बहिष्काराचाही मोठा आहे. म्हणजे काळबादेवीच्या रस्त्यावर उभं राहणाऱ्या पोरांची दखल मँचेस्टरला घ्यावी लागत होती.

आता तो दिवस. 12 डिसेंबर 1930, शुक्रवार. म्हणजे गिरणीचा कामाचा दिवस. काळबादेवी, मूळजी जेठा मार्केट हा सगळा कापडबाजाराचा भाग. तिथल्या एका गोदामातून मँचेस्टरच्या व्यापाऱ्याचं विदेशी कापड ट्रकनं हलवायचं होतं. व्यापाऱ्यानं पोलीस संरक्षण मागितलं, ते मिळालं. बातमी पसरली होती, गर्दी जमली. स्वयंसेवक एकामागून एक ट्रकसमोर जात होते, पोलीस त्यांना ओढून बाजूला करत होते. भांगवाडीजवळ बाबू गेनू पुढं झाला. ट्रक त्याच्या अंगावरून गेला. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला.

लोकांच्या आठवणीत जी गोष्ट राहिली ती अशी: ट्रकचा हिंदी ड्रायव्हर थांबला, माझ्या भावाच्या अंगावर गाडी घालणार नाही म्हणाला. तेव्हा गोऱ्या सार्जंटनं चाक स्वतःच्या हातात घेतलं आणि गाडी पुढं नेली. सरकारनं मात्र हा अपघात असल्याचं सांगितलं. शहराचा कुणावर विश्वास होता हे पुढच्या दिवसांत दिसलं. मुंबईत हरताळ पडले, मिरवणुका निघाल्या, लोक रस्त्यावर आले.

या लोककथेतल्या ड्रायव्हरकडे आम्हाला तुमचं लक्ष वेधायचं आहे. तोही पगारी माणूस. ट्रक दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा, हुकूम चौथ्याचा. लोकांनी ही गोष्ट सांगताना त्याला नकार देणारा म्हणून लक्षात ठेवलं. म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर दोन कामगार होते, एक चाकापुढं आणि एक चाकावर, हे लोकांनी बरोबर ओळखलं होतं. इतिहासाच्या पुस्तकांत पहिला राहिला, दुसरा बहुतेक वेळा गळाला.

आता एक कायद्याची गोष्ट. 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. बाबू गेनू गिरणीच्या पट्ट्यात सापडून मेला असता तर कायद्यानं त्याला 'कामगार' म्हटलं असतं. महिन्याचा पगार किती, त्यावरून घरच्यांना किती द्यायचे, याचा हिशेब झाला असता. त्या कागदावर त्याचं खातं आलं असतं, काम आलं असतं, पगार आला असता. तो रस्त्यावर मेला, म्हणून 'हुतात्मा' झाला. मान मोठा मिळाला, पण मानात पगाराचा रकाना नसतो. त्यामुळं आज आपल्याला त्याचा शेवटचा क्षण सांगता येतो आणि त्याची साधी सकाळ गिरणगावाच्या एकूण माहितीवरून जुळवावी लागते.

त्याच्या नावाचं पुढं काय झालं? काळबादेवीच्या भागातल्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. पुण्यात मंडईजवळ त्याच्या नावाचं गणेश मंडळ आहे. 12 डिसेंबरला स्वदेशी दिन पाळतात. त्याच्याच आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झालं, त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. त्या पाण्यानं खालची शेती भिजली आणि वरच्या आदिवासी गावांची जमीन बुडाली. पाणी खाली, बुडीत वर, हे आपल्याकडच्या जायकवाडीवरून आणि येलदरीवरून आपल्याला समजतं.

आणि मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ महापालिकेची बाबू गेनू मंडई होती. तिच्या इमारतीत महापालिकेचे कर्मचारी कुटुंबांसह राहत होते. 27 सप्टेंबर 2013 रोजी सकाळी ती इमारत कोसळली. 61 माणसं गेली. पगारी माणसं आणि त्यांची मुलंबाळं. त्या आठवड्यात 'बाबू गेनू' हे नाव पेपरात रोज होतं, पण पत्ता म्हणून.

यात कुणाला टोला मारायचा हेतू नाही. नाव देणं चांगलंच. पण नाव दिलं की आठवण ठेवली, असा आपला समज होतो. तो खरा नाही. 1908 सालच्या गोळीबारात मेलेल्यांना नावाची पाटीही मिळाली नाही, बाबू गेनूला चार ठिकाणी मिळाली. पण तो कोणत्या गर्दीतून आला, सकाळी गेटवर काय वाट बघत उभा असायचा, हे दोन्हीकडं सारखंच हरवलं. पुढं 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्याच संपल्या. आता त्या जागी टॉवर आहेत. भोंगा ऐकलेली माणसंही कमी होत चाललीत.

म्हणून परत महाळुंग्याकडे येऊ, चाकणच्या. तिथं आपली पोरं ठेकेदारामार्फत लागतात. कायम नाहीत, म्हणजे जुन्या भाषेत बदलीच. एका खोलीत सहा-सात जण, पाळीप्रमाणे झोपणारे. महिन्याला घरी पैसे येतात, मनिऑर्डरऐवजी फोनवर. आणि कधीतरी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: कंपनीत अपघात, परभणी जिल्ह्यातील तरुणाचा मृत्यू. त्या चार ओळींत पुन्हा तेच होतं. मरणाची वेळ असते, गाव असतं, वय असतं. तो तिथं काय काम करत होता, किती तास, कुणाच्या हाताखाली, यातलं काही नसतं.

इतिहास संशोधनासाठी पुण्या-मुंबईच्या दप्तरखान्यातच जावं लागतं असं नाही. येत्या दिवाळीला तुमच्या गल्लीतला, वाडीतला पोरगा चाकणहून, वाळूजहून घरी येईल. त्याच्याजवळ बसा आणि विचारा. कुठल्या खात्यात आहेस? ठेकेदार कोण? पाळी कितीची? खोलीत कोण कोण? हाताला ही खूण कशाची? आणि उत्तरं वहीत तारीख घालून लिहून ठेवा. तो म्हणेल, यात काय लिहायचंय काका. तरी लिहा. बाबू गेनू महाळुंग्याला सुट्टीवर आला असेल तेव्हा त्याच्याजवळ असं वही घेऊन कुणी बसलं नाही, आणि शंभर वर्षांनी आपण त्याची सकाळ जुळवत बसलोय.

इथं थांबतो.